बंकरातली गाय

सई आणि ओंकार,

तुमच्या पणजीची गाय आमच्या नव्या घरात दारातून न येता छतातून आली.

परवा फोनवर तुम्ही बाबाला विचारलंत, "आजोबांच्या डोंगरावर एक छोटंसं घर बांधता येईल का?" बाबा "बघू" म्हणाला. त्याला काही आठवत नाही. तेव्हा त्याला दातही आले नव्हते. मला आठवतं. तुम्ही तिकडे कागदावर आराखडे काढायला लागायच्या आत मी क्रमवार लिहून टाकते.

आपला डोंगर जतच्या बाजूला आहे. डोंगर म्हणायचं ते कौतुकाने. म्हाताऱ्याच्या डोक्यावर केस असावेत तेवढीच त्याच्यावर माती. वरती वीतभर माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली कातळ. नांगर घातला तर नांगरच रडेल! त्या वीतभर मातीत उगवायचं ते गवत, आणि त्या गवतावर जगायची ती बगळी. बगळी म्हणजे तुमच्या पणजीची, माझ्या सासूबाईंची, पांढरी शुभ्र खिलार गाय. मी सासूबाईंना आत्याबाई म्हणत असे.

बहात्तरच्या दुष्काळात आत्याबाई बगळीबरोबर गुरांच्या छावणीत जाऊन राहिल्या होत्या. माणसं म्हणाली, "आवं, गुरांत कशाला ऱ्हाता?" त्या म्हणाल्या, "गुरं सल्ला देत न्हाईत." दुष्काळ सरल्यावर त्यांनी आपला उतार राखला. दुसऱ्याची मेंढरं फिरकू दिली नाहीत, माती वाहून जाऊ नये म्हणून दगडांच्या ताली घातल्या. गवत हळूहळू परत आलं.

मग तुमचे आजोबा पलटणीतून सुभेदार होऊन परत आले.

माझ्या भावाने, म्हणजे दादाने, त्यांच्यासाठी सांगलीजवळच्या एका कारखान्यात नोकरी बघून ठेवली होती. आजोबांचं मन होईना. "आख्खा जन्म तंबूत काढला. आता आयेजवळ ऱ्हायचं. ह्या पावसाळ्यात माझं घर हितं टिकलं तर सांगली नको. न्हाई टिकलं तर जाऊ." आत्याबाई चुलीपाशी होत्या. भाकरी करपली. त्यांची भाकरी करपलेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

आजोबांनी पलटणीत पूल बांधले होते, रस्ते बांधले होते, आणि सगळ्यात जास्त बंकर बांधले होते. त्यामुळे घर म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

"डोंगरात खोल घुसायचं. मागली भिंत बांधायचीच न्हाई. डोंगरच भिंत!"

"आणि खिडकी?" मी विचारलं.

"बंकरला खिडकी नसती. फट असती."

"मी काय फटीतून धूर सोडत स्वयंपाक करू?"

"आगं, माळवद मागनं थेट डोंगराला टेकंल, वर गवत येईल. लांबनं शत्रूला घर दिसायचंच न्हाई!"

"आणि पाहुण्यांना?"

"ते तर लयच बरं!"

(मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. सांगलीच्या बाईला बंकरात संसार करायला मिळतो आहे, हे मला तेव्हा फार रम्य वाटलं, हेही नोंदवते.)

आता माळवद म्हणजे तुळया, त्यांवर फाटी, फाट्यांवर पाला आणि सगळ्यात वर माती. पण ती माती खारी, पांढरी लागते. तिच्यातून पाणी मुरत नाही, तिच्यात गवतही उगवत नाही. तशी माती गावात एकाच टेकाडावर होती, आणि ते टेकाड होतं भावकीचं. भावकीशी आजोबांचं एका बांधावरून वाकडं. आजोबांनी मिशीवर हात ठेवला. "भावकीची माती डोक्यावर घेऊन झोपू? त्यापरास उघड्यावर झोपीन!"

भिंती झाल्या, पण आठवडाभर घर तसंच डोकं उघडं टाकून उभं राहिलं. मग आत्याबाई म्हणाल्या, "वरल्या अंगाची माझी माती घ्या."

"आये, तिथं तुजं गवत हाय."

"गवत पुन्यांदा येतंय. तू सांगलीला गेलास तर येशील व्हय पुन्यांदा?"

दुसऱ्या दिवशी त्यांनीच पहिली कुदळ मारली. घराच्या वरचा उतार खरवडून आम्ही पाट्यांनी माती छतावर नेली. बायका गाणी म्हणत होत्या. संध्याकाळी उतार नव्याने मुंडण केल्यासारखा लालभडक दिसत होता, आणि बगळी तिथे उभी राहून मुरूम हुंगत होती.

पाऊस लागला. छतावर गवत उगवलं, आणि कसं! त्या डोंगराने जन्मात असं गवत पाहिलं नव्हतं. गाव बघायला लोटलं.

"सुभेदार, मानसं खाली आन् वावर वर? उलटीच रीत काढली की रं गड्या!"

"क्यामोफ्लाज हाय त्यो," आजोबा म्हणाले.

"आसंल. पर माझ्या म्हशीला लांबनंच दिसलं की!"

माळवद मागे डोंगराला टेकलेलं, त्यामुळे वरून उतरणाऱ्याला आपण छतावर आलो हे कळायचंच नाही. एकदा कुणीतरी थेट माझ्या डोक्यावर उभं राहून ओरडलं, "सुभेदार हायती का घरात?" मी हात जोडून वर बघत उत्तर दिलं. घरात देव्हारा होता, पण इतकी स्पष्ट आकाशवाणी मला पुन्हा कधी झाली नाही.

खरवडलेल्या उतारावर आता पाणी जिरायला मातीच नव्हती. पडलेला प्रत्येक थेंब सरळ आमच्याकडे पाहुणा! मागची भिंत, म्हणजे डोंगर, पाझरायला लागली. मी पातेली मांडली. आजोबांनी चर खणला. चराने पाणी वळून पुढच्या दारातून आत आलं. छत मात्र दिवसेंदिवस जड आणि हिरवं होत होतं. आत्याबाई रोज विळा घेऊन वर जायच्या, गवत कापून बगळीला घालायच्या आणि खाली येऊन एकच विचारायच्या, "टिकतंय न्हवं?"

"टिकतंय, आये."

आणि दादा आला. कारखान्यातली ती जागा अजून रिकामी होती. दोन दिवसांत हो किंवा नाही सांगायचं होतं. मी चहा केला. आत्याबाई बाबाला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या. दादा म्हणाला, "भाऊजी, विचार करा. क्वार्टर मिळेल, वर सिमेंटचा स्लॅब आहे."

आजोबा हसले. "दादा, स्लॅबचं काय सांगता? ही तुळई बघा. ह्याच्यावरनं रणगाडा गेला तरी..."

दादाच्या चहात मातीचं ढेकूळ पडलं. पाठोपाठ छतातून एक पाय आला. पांढरा, खुरासकट. तो आमच्या तिघांच्या मधोमध लोंबत राहिला, आणि आम्ही तिघं त्याच्याकडे सभ्यपणे बघत राहिलो.

"हे काय?" दादाने विचारलं.

"ही आमची बगळी," मी म्हणाले. ओळख करून द्यावी तसं!

मग उरलेली बगळी आली. तिच्याबरोबर तुळई, पाला आणि आत्याबाईंचा सगळा उतार आला.

तिने दावं तोडलं होतं. उघड्या डोंगरावर तिला हिरवं दिसलं, ते आमचंच घर. तालुक्याचे गुरांचे डॉक्टर चिखल तुडवत आले, त्यांनी मोडलेल्या पाठीवरून हात फिरवला आणि नकारार्थी मान हलवली. आत्याबाईंनी बाबाला माझ्या हातात दिलं आणि गाळात बसून गाईचं डोकं मांडीवर घेतलं. बगळीच्या तोंडात अजून गवत होतं. ती ते चावत होती.

"छावनीत वाळली चिपाडं चारून जगवली गं तुला," आत्याबाई तिला म्हणाल्या. "आन् पोट भरलं तवा चाललीस व्हय?"

दादा कोपऱ्यात उभा होता. मातीने भरलेला कप त्याच्या हातात तसाच होता. तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं, आणि मलाही सांगता येईना.

बगळी गेली तसे आजोबा उठले आणि फावडं घेऊन माती ओढायला लागले. "उद्याच बांधतो, आये. खारी माती आनतो. भावकीच्या पाया पडतो."

"ऱ्हाऊ दे."

"आये, चार दिसांत..."

"ऱ्हाऊ दे म्हन्ते न्हवं? पोर आत निजलं असतं म्हंजे?" मग त्यांनी पदराने आजोबांच्या मिशीवरचा चिखल पुसला. "ह्या डोंगराला येक गाय जड झाली, लेकरा. आख्खं घर कसं पेलंल? जा तू सांगलीला."

आम्ही गेलो. त्या आल्या नाहीत. पुढच्या खोलीवरचं छत शाबूत होतं, तिथे राहिल्या. दर सुट्टीला आजोबा विचारायचे, "आये, गाय न्हाई, वासरू न्हाई. करतीस काय हितं येकली?"

"गवत राखते," त्या म्हणायच्या. उतारावर तेव्हा एक काडी नव्हती. तरी त्या रोज सकाळी दगड उचलून ताली नीट करायच्या. बाबा शाळेत जायच्या आधीच त्या गेल्या. आजोबांनी त्यानंतर घर हा शब्द काढला नाही; क्वार्टरचा स्लॅब गळायचा, तेव्हा ते मुकाट्याने बादली ठेवायचे.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. खरवडलेल्या उतारावर अजून मुरूमच दिसतो. भिंतींचे दगड लोकांनी नेले, तुळया कुणाच्या तरी चुलीत गेल्या. छत जिथे कोसळलं, तिथे मात्र मातीचा ढीग आहे, आणि त्याच्यावर आसपास कुठे नाही असं गवत येतं. जाणारी-येणारी मेंढरं तिथे थांबतात. एक सुभेदार आणि एक बी.ए. झालेली बाई यांनी मिळून त्या डोंगरावर जे काही उभारलं, त्यातलं तेवढं शिल्लक आहे.