मागायची शिडी

आमच्या माहेरी मागणं म्हणजे चोरीच्या खालोखालचा गुन्हा होता. लहानपणी आईबरोबर कोणाकडे गेलं की ताट पुढे येण्याआधीच मी "नको, पोट भरलं" म्हणायचे. आईचे डोळे माझ्यावरच असायचे. तहान लागली तर घरी येऊन प्यायचं, ताप आला तरी आपणहून बोलायचं नाही. "मागणारी पोरगी घराचं नाक कापते," आई म्हणायची. मी कोणाचंही नाक कापलं नाही. हिंगणीला भाजी पिकवणाऱ्या घरात सून म्हणून आले, राबले, आणि 'किती सोसते बिचारी' हे शब्द दागिन्यासारखे मिरवले.

मग माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. चार दिवस ती टाचेवर चालत शाळेत गेली. पाचव्या दिवशी पाय चपलेत जाईना, तेव्हा आम्हाला कळलं. सावंगीच्या दवाखान्यात चीर देऊन पू काढावा लागला. डॉक्टरांनी तिला विचारलं, "घरी सांगितलं का नाही, बेटा?"

"आईले तरास होते ना."

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की पोर किती गुणाची! दुसऱ्या क्षणी स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

वॉर्डात एक समुपदेशक ताई यायच्या. मुलीशी थोडं बोलून त्यांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. मी भडकले. पाय पोरीचा सुजलाय आणि औषध मला? "ती तुमचं पाहून शिकलीय," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता पाहायला दुसरं काही तरी द्या तिला." त्यांनी कागदावर एक शिडी काढली. खालच्या पायरीवर सगळ्यांत सोपं मागणं, वर चढत अवघड. एक पायरी आठवडाभर. रोज एकदा, मोठ्याने, मुलीच्या देखत. "आणि दर मंगळवारी पट्टी बदलायला याल तेव्हा काय झालं ते मला सांगा," त्या म्हणाल्या.

पहिली पायरी होती नवऱ्याला पाणी मागायची. लोक हसतील, पण मला घाम फुटला. "जरा पाणी द्या बरं," मी म्हणाले, आणि ते उठायच्या आत मीच माठाकडे धावले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ते वैतागले. "बस वं तू खाली! मांगतलं ना? मंग देऊ दे ना मले!" त्यांनी आणून दिलेला पेला मी दोन्ही हातांनी धरला. इतकं गार पाणी आमच्या माठात असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

चौथी पायरी सासूबाईंची. दोन वर्षं माझा खांदा दुखत होता आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. "आत्याबाई, खांदा लय दुखून राह्यला. जरा तेल चोळून देता का?" एका दमात बोलून टाकलं.  त्या उठून वाटीत तेल घेऊन आल्या. चोळता चोळता हळूच म्हणाल्या, "माया गुडघाही दुखते वं. पण सांगाव कोणाले?" त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. दुसऱ्या दिवसापासून गुडघा माझ्याकडे, खांदा त्यांच्याकडे.

मुलगी हे सगळं बघायची, बोलायची मात्र काही नाही. मंगळवारी पट्टी सोडताना ती ओठ दातांखाली धरायची, आवाज नाही. नर्स म्हणायची, "शहाणी पोर आहे!" ते ऐकून मला माझ्या आईचे डोळे आठवायचे. शिडी संपली, पाय बरा झाला, आमचं सावंगीला जाणं थांबलं. मी मागायला शिकले होते. ती शिकली की नाही, हे कोणत्या कागदावर बघायचं?

हिवाळ्यात एका सकाळी मी विहिरीवर मेथीच्या जुड्या बांधत होते. बाजाराची गाडी निघायची वेळ झाली होती. तेवढ्यात वांग्यांच्या पलीकडून किंकाळी आली. "आई! ये ना वं! काटा रुतला!"

मेथी तिथेच टाकून मी पळाले. ती बांधावर पाय पसरून बसली होती. मला पाहताच म्हणाली, "किती वेळ लावतं वं!"

काटा बोराचा होता, चिमटीत धरून सहज निघाला. रक्ताचा जेमतेम एक थेंब. तिने मात्र भोकाड पसरलं, शेजारच्या वावरातली माणसं निंदणं सोडून उभी राहिली. गाडी गेली. मी तिला मांडीवर घेतलं, आणि 'उगी उगी' काही म्हटलं नाही.