डब्याला बूड

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणतात, अगदी तिच्याहून वयाने मोठा साहेबसुद्धा. एकाच सर्व्हरवर कितीतरी दुकानांच्या वेबसाइट्स, आणि प्रत्येकीला मावशीने त्यातच स्वतंत्र बंद खोली, म्हणजे ठरावीक राखीव जागा दिलेली. एकीचा पसारा दुसरीत जायचा नाही म्हणजे नाही! आता खोली वेगळी म्हटली की आतलं सामानही वेगळं लागतं. त्यात 'नल' नावाची एक खास फाइल असते. तिच्यात काहीही टाका, गडप! मावशी तिला बिनबुडाचा डबा म्हणते. प्रोग्राम दिवसभर जे नको ते संदेश सोडतात, ती फालतू बडबड त्यातच जाते.

हे डबे बसवायला मावशीची स्क्रिप्ट आहे, सगळ्या आज्ञा आधीच लिहून ठेवलेली. ती चालवली की खोली तयार. पण लेकीने स्वतः घडवलेले मातीचे कप ऑनलाइन विकायचं ठरवलं आणि मावशीच्या मायेला भरतं आलं. "पोटच्या पोरीची खोली काय स्क्रिप्टने करायची? हाताने करते!" घ्या!

लेकीची ही पहिलीच विक्री. वर्षभर राबली होती बिचारी. सकाळी विक्री उघडली, लोक आले, पण एकही ऑर्डर घेतली जाईना. लगेच आईला फोन.

"आई, माणसं परत चाललीत गं!" आवाज रडवेला झालेला.

मावशीने लगेच सर्व्हर उघडून पाहिला. बाकीच्या खोल्या मजेत, हीच एक काठोकाठ भरलेली. कशाने? तिने आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. डबा नवा बनवायच्या ऐवजी तिने दुसऱ्या डब्याची कॉपी मारली होती. अहो, त्याची कॉपी केली की नाव तेवढं तेच राहतं, हाती येते साधी रिकामी फाइल, आणि तिला बूड असतं! सगळी बडबड तिने इमानेइतबारे साठवली, ऑर्डरींना जागाच उरली नाही.

"कुणाचा हा पराक्रम?" शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं.

"माझाच मेलीचा! हसू नकोस."

तो हसलाच. मावशीने ती फाइल उडवली, खरा डबा बसवला, साइट पुन्हा सुरू केली. पहिली ऑर्डर आली तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी सगळी हकिकत ऐकून लेक पोट धरधरून हसली. मग म्हणाली, "आई, यापुढे माझे लाड नकोत हं. सगळ्यांसारखीच ठेव मला."

"ठेवते बाई."

लेकीने एक कप तिच्या हातात दिला. "हा विकायचा नव्हताच, तुझ्यासाठी ठेवला होता. हाताने केलाय. बूड आहे ना, तेवढं बघून घे."