आण्णा मांडी घालतात तेव्हा

राजारामपुरीत माझा दवाखाना आहे, आणि बाहेर गर्दी वाढली की आत माझं डोकं फिरतं. ड्रायव्हिंगसाठी मेडिकल सर्टिफिकेट मागायला येणाऱ्यांवर तर मी फार वेळ घालवत नाही. त्या दिवशी मात्र फॉर्म घेऊन समोर बसले होते ते सयाजी आण्णा. मला गाडी त्यांनीच शिकवली.

मंगळवार पेठेत आण्णांचं ड्रायव्हिंग स्कूल. आता पुतण्या विश्वजित बघतो, पण तीस वर्षं आण्णांनी निम्म्या कोल्हापूरच्या बायकांना गाडी शिकवली. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक असतो. आण्णांचा उजवा पाय कायम त्यावर. आपण चुकलो की गाडी आपोआप थांबायची आणि आण्णा शांतपणे म्हणायचे, "घाबरू नगं. गाडी तुझीच हाय." मग एक दिवस, काही न सांगता, ते दोन्ही पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घालून बसायचे. आण्णांनी मांडी घातली की समजायचं, आपण पास. आरटीओची परीक्षा त्यानंतरची. माझ्या बरोबरीच्या बायकांसाठी त्यांनी पंधराव्या दिवशी मांडी घातली, माझ्यासाठी एकेचाळिसाव्या. तो राग अजून थोडा शिल्लक आहे.

"इंटरनॅशनल परमिट काढायचं हाय," आण्णा म्हणाले. "पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, समदं तयार हाय. तुझी सही तेवढी ऱ्हायलीय."

त्यांची मुलगी क्रांती न्यूझीलंडमध्ये एका लहान गावात असते. तिथे धड बस नाही. तिच्या मुलीच्या, तेजस्वीच्या, पायाचं ऑपरेशन झालंय. आठवड्यातून दोनदा तिला चाळीस किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात व्यायामासाठी न्यावं लागतं. जावई पाच दिवस बाहेरगावी. कधी शेजारी नेतात, कधी खेप चुकते.

"खेप चुकली की पोरीचा पाय पुन्हा आखडतोय," आण्णा म्हणाले. "म्हणून मी चाललोय. तीन महिने मी न्हेईन."

"क्रांतीला गाडी येत नाही?"

"लायसन हाय की. तिकडंच काढलंय. पर चालवत न्हाय. भ्या वाटतंय तिला. ते भ्या मीच घातलंय. अठरा वर्साची हुती. दुसऱ्याच दिवशी भिंतीला लावली गाडी. दुसऱ्याच्या पोरीनं लावली असती तर हसलो असतो. हिच्या हातातनं किल्ली वढून घेतली आन् भर रस्त्यात बोललो, हे तुझं काम न्हवं. परत तिनं मागितली न्हाय, मी दिली न्हाय."

मला एकदम चीड आली त्यांची. एकेचाळीस दिवस माझं सहन केलं आणि पोटच्या पोरीला दोन दिवस दिले! पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा बघून ती चीड टिकेना. मी शिक्का उचलला.

"द्या फॉर्म. तुमचे डोळे काय तपासायचे?"

"ए डॉक्टरीणबाई," त्यांनी फॉर्मवर पंजा ठेवला. "तुला मी न बगता पास केलतं व्हय? तपास की."

तपासले. उजवा डोळा तिसऱ्या ओळीवर अडला, डाव्याला पहिलीच नीट दिसेना. दोन्हीकडे मोतीबिंदू. ऑपरेशन करता आलं असतं, पण रक्तातली साखर चढलेली आणि विमान पंधरा दिवसांवर. मी हळूच म्हटलं, "तिथे रस्त्यांवर गर्दी नसते, आण्णा. देते मी लिहून." म्हणताना माझी मलाच लाज वाटली.

आण्णा शिक्क्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांना तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता.

"मागच्या सीटवर नात असणार हाय," ते शेवटी म्हणाले.

त्यांनी कोरा फॉर्म घडी करून खिशात घातला. दुसऱ्या खिशातून स्वतःच्या गाडीची किल्ली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "भायेर गाडी लावलीया. विश्वजित येऊन न्हेईल. मी रिक्षानं जातो."

"मग न्यूझीलंडला जाऊन करणार काय?"

"बसतो शेजारी. क्रांती चालीवती का बगू." दारापर्यंत गेले आणि वळले. "पर तिच्या गाडीत माज्या पायाखाली ब्रेक न्हाय गं." आण्णांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

तिकडे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला. मागच्या सीटवरून तेजस्वीने काढलेला. क्रांती स्टिअरिंग घट्ट धरून बैलगाडीच्या वेगाने चाललेली आणि शेजारी आण्णांचा उजवा पाय, नसलेला ब्रेक शोधत, खालची मॅट जिवाच्या आकांताने दाबत होता. मी हसले, आणि मग काळजीत पडले.

दुसरा व्हिडिओ परवा आला, बरोबर दोन महिन्यांनी. दवाखान्यात गर्दी होती, तरी मी तो लगेच उघडला. हॉस्पिटलाकडे जाणारा मोकळा रस्ता. गाडी चांगली वेगात. तेजस्वीने आधी स्वतःचा पाय वाकवून सरळ करून दाखवला, मग फोन पुढे धरला. शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, आण्णा मांडी घालून बसले होते.

क्रांतीने ते तेव्हाच पाहिलं असावं. ती म्हणाली, "आण्णा, पाय खाली घ्या की. हितं असलं चालत न्हाय."

"तू फुडं बग," आण्णा म्हणाले. "गाडी तुझीच हाय."