कुंकवाखालची ओळ

मंडळी, एका प्रश्नावर तुमचं मत हवं आहे.

दुसऱ्या महायुद्धात पणजोबांनी आघाडीवरून धाडलेलं शेवटचं पत्र कुंडल गावी आमच्या घरी आहे. नुकत्याच जन्मलेल्या लेकीसाठी त्यांनी त्यात नाव कळवलं होतं. पत्र पोचेपर्यंत बारसं उरकलं होतं; कळवलेलं नाव आता कुणालाच आठवत नाही. पणजोबा परतलेच नाहीत.

ती लेक म्हणजे माझी आत्याआजी. सध्या ती मलकापूरला दवाखान्यात आहे. वडिलांनी ठेवलेलं नाव तिला एकदा ऐकायचं आहे.

पत्र मोडी लिपीत आहे. मोडी मी शिकले. पण आमच्याकडे दर खंडेनवमीला पणजोबांच्या पदकांसोबत पत्राचीही पूजा होते आणि ओलं कुंकू नेमकं त्या ओळीवर लागत आलं. आज स्कॅन करून लाल रंग वेगळा काढला. ‘मुलीचे नाव’ एवढं वाचता आलं. पुढची शाईच धुऊन गेली आहे.

संध्याकाळी दवाखान्यात आत्याआजीनं विचारलं, "घावलं का गं?"

"अजून नाही."

"आवं इंजिनेरबाई, बिगीबिगी बघा की. मी काय लय दिस थांबत न्हाई."

बाहेर काका म्हणाले, "सांग एखादं चांगलं नाव. सुखानं जाईल."

उद्या ती पुन्हा विचारेल. पणजोबांच्या वतीनं मी नाव ठेवू का?