गाईच्या पोटातला चुंबक

ऑर्वल स्ट्राउड एकवीस वर्षं आमच्या नेमबाजीच्या रेंजच्या फाटकाशी बसला. पत्र्याची शेड, लोखंडी खांब, एक टेबल, एक खुर्ची. येणाऱ्यानं काडतुसं टेबलावर मांडायची, ऑर्वलनं गोळीच्या टोकाला चुंबक लावायचा. चिकटली तर आत पोलाद. तो खोका गाडीत परत. वरून सगळ्या गोळ्या तांब्याच्याच दिसतात. पोलाद दगडावर आपटलं की ठिणगी उडते, आणि ऑगस्टमध्ये आयडाहोतलं वाळलेलं गवत ठिणगीचीच वाट बघत असतं.

दुसरा कुणी खोक्यातली एक गोळी तपासून सोडून देईल. ऑर्वल प्रत्येक तपासायचा. मागे रांग लागायची.

"चुंबकराव, आज संध्याकाळपर्यंत होईल ना?"

"घाई असेल त्यानं घरी जाऊन बाटल्या फोडाव्यात," तो मान वर न करता म्हणायचा.

रेंजची जमीन शेजारच्या थेल्डा क्विस्टची. दोन वर्षांपूर्वी ऑर्वल बायकोच्या दफनाला गेला होता, खुर्चीवर दुसराच कुणी होता, आणि त्या दुपारी थेल्डाचं कुरण पेटलं. कुंपणाशी दाटून उभी राहिलेली आठ वासरं तिथेच जळाली. थेल्डानं आरडाओरडा केला नाही. करारात एक ओळ वाढवली : पोलादाची एक गोळी सुटली की रेंज बंद.

स्पर्धेच्या शनिवारी चाळीसजण आले. वारा सकाळपासूनच होता. ऑर्वलनं प्रत्येक गोळी तपासली. एकही चिकटली नाही. "आज लोक शहाणे होऊन आलेत," तो मला म्हणाला. मी गुण लिहायला त्याच्याच शेडमध्ये बसलो होतो.

गोळीबार सुरू झाला. ऑर्वलनं गळ्यातला दोरा काढला आणि सवयीनं चुंबक खांबाला लावला.

चुंबक खांबावरून घसरला आणि मातीत पडला.

त्यानं उचलला, पुसला, पुन्हा लावला. पुन्हा घसरला.

"कुठे होता हा?" मी विचारलं.

"गाडीत." त्याचा आवाज कोरडा होता. "काचेमागे. आठवडाभर."

बंद गाडीतल्या त्या उन्हानं चुंबकातला जीव काढून घेतला होता. म्हणजे सकाळपासून त्यानं काहीच तपासलं नव्हतं. समोर चाळीस बंदुका, त्यांच्यापुढे मातीचा बांध, बांधामागे गवत, गवतापलीकडे थेल्डाच्या गाई. चुंबक मेल्याचं फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. गप्प बसलो असतो तर कदाचित काहीच झालं नसतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी वहीकडे.

मग तो उठला. लाल बावटा वर चढवला. "बंद करा! बंदुका रिकाम्या करा, खाली ठेवा!"

"काय झालं, म्हाताऱ्या?" किप लॅनिंग ओरडला. तो पहिल्या क्रमांकावर होता. "माझे सगळे नेम लागतायत म्हणून पोटात दुखतंय का?"

"माझा चुंबक मेलाय. सगळं पुन्हा तपासायचं."

"कशानं तपासणार? थुंकीनं?"

लोक हसले. ऑर्वल हसला नाही. आसपास चांगला चुंबक एकाच घरी होता, आणि ते आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. गाई चाऱ्याबरोबर खिळे, तारा गिळतात, म्हणून इथले गुराखी त्यांना बोटाएवढा चुंबक गिळायला लावतात. तो पोटात राहून लोखंड धरून ठेवतो. थेल्डाकडे असे डझनभर पडलेले असतात. पण मागायचा तर कशाला हवा हे सांगावं लागणार.

तो कुंपण ओलांडून चालत गेला. आम्ही बांधाकडे बघत राहिलो.

थेल्डा त्याच्याबरोबर आली. खुर्चीवर बसली, खिशातून चुंबक काढला. खोक्यामागून खोके. किपच्या दुसऱ्या खोक्यातली पहिलीच गोळी टक् करून चिकटली. मग दुसरी. मग सगळ्याच.

"यातल्या किती उडवल्या?"

"सहा," किप म्हणाला. "दुकानदारानं तांब्याच्या म्हणून दिल्या, बाई. आईशप्पथ."

दोघेजण आग विझवायच्या पाण्याच्या पिशव्या पाठीला लावून बांधाकडे धावले. अर्धा तास आम्ही धूर शोधत उभे होतो. वाऱ्यानं उडालेली धूळसुद्धा धुरासारखी दिसत होती. गवत पेटलं नाही.

"थेल्डा," ऑर्वल म्हणाला, "करारात काय लिहिलंय ते मला..."

"मला पाठ आहे ते. मीच लिहिलंय." ती कुरणाकडे बघत होती. "धूर दिसायच्या आधी कुणी येऊन सांगेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं."

"मग रेंज?"

"राहू दे. पण माझा चुंबक गाईच्या पोटात असतो, ऑर्वल, गाडीच्या काचेमागे नाही. शनिवारी आठला येते मी. ही खुर्ची इथेच ठेव."

मेलेला चुंबक ऑर्वलनं खिशात टाकला.

आता खुर्चीवर थेल्डा बसते. ऑर्वल मागे उभा असतो. गोळीबार थांबला आणि बावटा चढला की तो पाण्याची पिशवी पाठीला लावून एकटाच बांधाकडे जातो, आणि गवतात वाकून दगडांना हात लावत फिरतो. गरम आहेत का ते बघतो.