रेगे सरांच्या नावाने आलेला फोन

परंड्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या शिंदे सिस्टर नसत्या, तर त्या सकाळी परळच्या एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत उभं राहून डॉक्टर रेग्यांना फोनवर ‘नाही’ म्हणायची वेळ माझ्यावर आलीच नसती. बी.एस्सी. होऊन मी घरी बसलो होतो. लॅब टेक्निशियनचा कोर्स असतो हे त्यांनी सांगितलं, फॉर्म त्यांनी भरला, पुढे या नोकरीसाठी शब्द टाकला, आणि डिलाईल रोडला आपल्या भावाच्या खोलीत माझी सोय लावली. आमच्या घरात तोवर पदवीपर्यंत कुणी पोचलेलं नव्हतं.

तर तो फोन.

“तांबे बाईंसाठी दोन बॅगा मागितल्यात. कुठे आहेत?”

“सर, ग्रुप जुळत नाही. नवीन सॅम्पल लागेल.”

“जुळत नाही म्हणजे?”

“आज बी पॉझिटिव्ह येतोय. दोन महिन्यांपूर्वीच्या रेकॉर्डला ओ पॉझिटिव्ह आहे.”

तांबे बाई दादरच्या, वय सत्तरच्या पुढे. खुब्याचं ऑपरेशन होतं. दोन महिन्यांपूर्वी त्या याचसाठी दाखल झाल्या होत्या, पण शुगर वाढलेली निघाली म्हणून घरी पाठवलं होतं. रक्त तेव्हा द्यावंच लागलं नाही. आता माणसाचा रक्तगट काही दोन महिन्यांत बदलत नाही. म्हणजे दोनपैकी एका नळीतलं रक्त त्यांचं नव्हतं. कुठल्या, ते सांगता येत नव्हतं. अशा वेळी आमचा नियम सोपा आहे. दुसऱ्या माणसाने खाटेजवळ जायचं, पेशंटला तिच्याच तोंडून नाव सांगायला लावायचं, नवीन रक्त काढायचं आणि तिथेच नळीवर नाव लिहायचं.

“मग ओ दे. ओ सगळ्यांना चालतं.”

“चालतं, सर. पण अजून भूल दिलेली नाही. सॅम्पल आलं की तासाभरात देतो.”

“मी तीस वर्षं ऑपरेशनं करतोय. तू किती वर्षं नळ्या हलवतोयस?”

“सहा, सर.”

“कॉन्ट्रॅक्टवर ना?”

“हो, सर.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. सरांचं म्हणणं चूक होतं असं नाही. अपघाताचा पेशंट आला आणि वेळच नसली तर आम्हीही ओ देतो. इथे वेळ होता. मी वॉर्डला नवीन सॅम्पलसाठी निरोप पाठवला.

नवीन सॅम्पल डॉक्टर निहा स्वतः घेऊन आली. ती रेगे सरांच्या हाताखाली शिकणारी डॉक्टर.

“सर ऑपरेशन थिएटरबाहेर फेऱ्या मारतायत. तुझं नाव घेऊन.”

“माझं नाव माहितीये त्यांना?”

“आजपासून.”

नळीवर नाव, तारीख, सही, सगळं होतं. मी ग्रुप केला. बी पॉझिटिव्ह. दुसऱ्या टेक्निशियनकडून करून घेतला. पुन्हा बी पॉझिटिव्ह. मग क्रॉसमॅच केला. म्हणजे बॅगेतल्या रक्ताचा थेंब पेशंटच्या रक्ताबरोबर मिसळायचा आणि गुठळ्या होतात का ते पाहायचं. झाल्या नाहीत. बॅगा वर गेल्या. ऑपरेशन तासभर उशिरा सुरू झालं आणि नीट पार पडलं.

“म्हणजे चूक आमची नव्हती,” निहा म्हणाली.

“नव्हती.”

“जुनं रेकॉर्ड कुणाचं आहे?”

“आमचंच. बघतो.”

जुनी नोंद दुरुस्त करायला मी रजिस्टर काढलं. तांबे बाईंच्या नावापुढे ओ पॉझिटिव्ह, आणि सही माझी. तिच्या वरचीच नोंद, त्याच दिवसाची आणि त्याच वॉर्डची, काशिनाथ घाग यांची होती. बी पॉझिटिव्ह. सही माझीच.

मला ती दुपार आठवली. वॉर्डमधून दोन नळ्या आल्या होत्या. नळ्यांवर नाव नव्हतं. प्रत्येक नळीला तिचा फॉर्म रबरबँडने गुंडाळलेला होता. नाव नसलेली नळी परत पाठवायची, हा रक्तपेढीचा पहिला नियम. मी परत पाठवतच होतो, तेवढ्यात वॉर्डमधून फोन आला. “रेगे सरांचे पेशंट आहेत. परत टोचायला लावलंस तर सर खाली येतील.” मी दोन्ही रबरबँड काढले, फॉर्म नीट वाचता यावेत म्हणून बाजूला ठेवले आणि काउंटरवर बसून नळ्यांवर स्वतः नावं लिहिली. तेव्हा उलटी लिहिली गेली असणार.

हे कुणाला कधीच सिद्ध करता आलं नसतं. नळ्या आम्ही आठवडाभरच ठेवतो. शिवाय सकाळी मी ओ देऊन टाकलं असतं तर विषय तिथेच संपला असता. तांबे बाईंना काही झालं नसतं. पण बाईंच्या नावाने घागांचं रक्त तपासलं गेलं असेल, तर घागांच्या नावाने बाईंचं तपासलं गेलं होतं. तो माणूस स्वतःला बी समजत होता आणि होता ओ. ओवाल्याला बी रक्त चढवलं तर माणूस जाऊ शकतो.

आमच्या विभागप्रमुख कारखानीस मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं.

“घागांना रक्त दिलं होतं?”

“नाही, मॅडम. हर्नियाचं ऑपरेशन होतं. लागलं नाही.”

“मग? आता कुठेही गेले तरी तिथे परत तपासतीलच.”

“तपासतील. पण मीही तेव्हा नियम पाळायलाच बसलो होतो, आणि एका फोनवर मोडला.”

मॅडमनी रजिस्टर मिटलं.

“आपण त्यांना ब्लडग्रुपचं कार्ड दिलंय, मॅडम. आपल्या शिक्क्याचं.”

“हे लिहून दिलंस तर मला पुढे पाठवावं लागेल. तुझं कॉन्ट्रॅक्ट येतंय ना रिन्यूअलला?”

“येतंय.”

“बस. लिही.”

दोन दिवसांनी चौकशीला बोलावलं. रेगे सरही होते. माझं लिहिलेलं त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं.

“त्या दिवशी मी पुण्याला होतो,” ते म्हणाले. “मी कुणाला फोन करायला सांगितलेलंच नाही.”

“हो, सर. तुमचं नाव सांगितलं होतं.”

“आणि तेवढ्यावर तू नळ्या घेतल्यास?”

“हो, सर.”

“मग परवा मी स्वतः फोनवर होतो, तेव्हा का नाही ऐकलंस?”

सर स्वतः फोनवर होते तेव्हा मी त्यांच्याशी बोललो. नुसतं नाव आलं तेव्हा बोलायला सर नव्हतेच, आणि मी मुकाट्याने पेन उचललं. वरिष्ठांशी वाद घालता येतो. त्यांच्या नावाशी घालता येत नाही, एवढंच मला कळलंय. आता आमच्या काउंटरवर वही आहे. फोन कुणाच्याही नावाने येवो, बोलणाऱ्याचं स्वतःचं नाव आधी लिहून घ्यायचं. निम्मे लोक तिथेच फोन ठेवतात.

चौकशीनंतरच्या रविवारी मी शिंदे सिस्टरना पत्र पाठवलं. ते असं.

“सिस्टर, नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहितो. भावाकडून अर्धवट कळण्याआधी माझ्याकडून कळावं. माझ्या हातून चूक झाली. नाव नसलेल्या दोन नळ्यांवर मी नावं लिहिली आणि ती उलटी पडली. कुणाला इजा झाली नाही, पण त्यात माझं काही कर्तृत्व नाही. मेमो मिळालाय. सहा महिने क्रॉसमॅचला हात लावायचा नाही, रक्तदान शिबिरात फॉर्म भरायचे. कॉन्ट्रॅक्टचं मॅडम अजून काही सांगत नाहीत. तुम्ही माझ्यासाठी ज्यांच्याकडे शब्द टाकला होता, त्यांच्यासमोर तुम्हाला खाली बघावं लागू नये, एवढंच वाटतं.

दुसरे पेशंट काशिनाथ घाग शिवडीला राहतात, गोदीत ट्रेलर चालवतात. त्यांना बोलावून परत तपासलं, ओ पॉझिटिव्हच निघाले. आज जुनं कार्ड आणायला त्यांच्या घरी गेलो. ‘चूक कुणाची?’ त्यांनी विचारलं. मी माझी म्हणून सांगितलं. ते म्हणाले, ‘तुम्ही बोलावलं नव्हतं तोवर चांगला बी होतो.’ मग चहा दिला.

कार्ड मिळालं, पण ते दाखवून गेल्याच महिन्यात नवीन करून घेतलेल्या गोदीच्या पासावर आणि लायसनवर बी छापलेलं आहे. दोन्हीकडे मॅडमच्या सहीचं पत्र दिलंय. बदलून यायला वेळ लागेल. तोवर ते चुकीचा पास गळ्यात घालून रोज ट्रेलर काढणार. नवीन कार्ड वरच्या खिशात ठेवा, असं मी चार वेळा सांगितलं. घरी आल्यावर राहवेना म्हणून फोन केला. त्यांच्या बायकोने उचलला. म्हणाल्या, ‘ठेवलंय हो खिशात. मी स्वतः बटण लावलंय. तुम्ही आता जेवून घ्या.’

तुमचा,
संजय”