व्हर्डीच्या घरट्यातले तांबडे केस

व्हर्डी कॉम्ब्स पाखरांसाठी घरं करायची. मोडकळीला आलेल्या गोठ्यांच्या जुन्या फळ्या, छपराला गाड्यांच्या गंजक्या नंबरप्लेट आणि छपरावर मातीचा उथळ खोका. त्यात शेवाळ आणि जाड पानांची बुटकी रोपं. दारापुढं हातभर लांबीची अरुंद कुंडी, तिच्यात पॅन्सीची जांभळी-पिवळी फुलं. हिवाळाभर मागच्या खोलीत तिची ठोकाठोक चाले. बर्फ वितळलं की ती सगळी घरं माझ्या गाडीत भरून आम्ही तालुक्याच्या वसंताच्या बाजाराला जात असू. मी वेंडल, तिचा शेजारी.

शहरातल्या बायका तिला विचारत, "यात खरंच पाखरं राहतात का हो?"

"भाडं नाही मागितलं तर राहतात," व्हर्डी म्हणे.

अशी थट्टेखोर बाई, पण आईचं नाव निघालं की दगड व्हायची. केंटकीच्या आमच्या डोंगरात ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. व्हर्डी शाळकरी पोर असताना तिची आई लुएला घर सोडून गेली. शिवणयंत्रं विकत फिरणाऱ्या कुणा माणसाबरोबर पळाली, असं बाप सांगत असे. दुसऱ्याच दिवशी त्यानं बायकोचे कपडे मागच्या रानातल्या खड्ड्यात नेऊन फेकले. आमची जमीन चुनखडीची, कुठं खचेल नेम नाही. खचलेल्या जागी लोक केरकचरा टाकतात, तसा तोही टाकत राहिला. पुढं तो वारला. धाकटा भाऊ डेल्मर ओहायोला कारखान्यात गेला. व्हर्डी त्याच घरात एकटी राहिली. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "पळून जायचं माझ्या रक्तात असलं तर? कशाला कुणाच्या गळ्यात पडू?"

गेल्या वसंतात एका सकाळी तिनं कुंपणापलीकडून हाक मारली. "वेंडल, जरा इकडं ये रे."

ओसरीवर टांगलेल्या निळ्या घरातलं जुनं घरटं साफ करायला तिनं बाहेर काढलं होतं. रेन पक्ष्याचं घरटं, चिमुकल्या तपकिरी पाखराचं. शेवाळ, वाळकी पानं, सापाची कात, हे नेहमीचंच. पण त्यात आतून गोल गोल गुंडाळलेले लांबच लांब केस होते. तांब्याच्या तारेसारखे तांबडे.

"घोड्याचे असतील," मी म्हणालो.

"कुठल्या घोड्याचे? तू पाळलास का मी?"

"मग तुझेच."

"माझं डोकं पांढरं होऊन जमाना झाला. आंधळा आहेस का?"

तिनं ते घरटं चुलीत टाकलं. जळक्या केसांचा वास दिवसभर घरात राहिला, असं ती मला नंतर म्हणाली. आठवडाभरात पाखरांनी नवं घरटं बांधलं आणि त्यातही तेच केस. व्हर्डीचं जेवणावरून मन उडालं. तिच्या कामाच्या मेजावर अर्धवट रंगवलेली घरं तशीच वाळत पडली.

"माझ्या आईचे केस असे होते," ती एकदा हळूच म्हणाली.

"काहीतरीच काय बोलतेस!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कॉफी घेऊन ओसरीवर बसलो आणि पाखराची वाट पाहू लागलो. ते घरातून निघालं, भाजीचा वाफा ओलांडून मागच्या रानात शिरलं. आम्ही मागोमाग गेलो. कचऱ्याच्या खड्ड्याशी पोचलो तर पाखरू दिसेनासं झालं. झाडावर नाही, झुडपात नाही. वारा पडलेला होता.

आणि गाणं ऐकू आलं. रेनचंच, खणखणीत. पण ते आमच्या पायांखालून येत होतं.

व्हर्डीनं माझा दंड पकडला. गंजक्या पलंगाच्या स्प्रिंगांमागं कातळात एक फट होती. थोड्या वेळानं त्या फटीतून पाखरू बाहेर आलं. त्याच्या चोचीतून एक लांब तांबडा केस लोंबत होता.

ती तशीच आत शिरायला निघाली. मी तिला ओढून मागं आणलं आणि शेरीफला फोन केला.

माणसं दोर घेऊन आली. त्यांनी कचरा उपसला, फट मोकळी केली, दोघं खाली उतरले. ते वर आले. मग त्यातला थोराड माणूस म्हणाला, "बाई, तुमच्याकडचं एखादं वासरू हरवलं होतं का कधी?"

"एक होतं," व्हर्डी म्हणाली. आई गेली त्या दिवशी वासरूही नाहीसं झालं होतं. प्रवासाच्या पैशांसाठी तिनं ते विकलं, असं बापानं सांगितलं होतं.

खाली कातळाच्या कोरड्या कपारीत लुएला होती. शेजारी वासराची हाडं, दाव्याचं टोक तिच्या मनगटाला गुंडाळलेलं. वासरामागं गेली आणि त्याच्यासकट खाली पडली. पाय मोडला होता. कपारीत पाणी शिरत नसल्यानं केस जसेच्या तसे राहिले होते.

"पडल्या पडल्या गेली असेल ना?" मी विचारलं.

त्या माणसानं माझी नजर चुकवली. "अंगात हिरवा कोट आहे. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला."

"तो कोट दाराआड टांगलेला होता," व्हर्डी म्हणाली. "ती गेली त्या रात्री मी त्यात तोंड खुपसून रडले होते. बाबांनी तो दुसऱ्या दिवशी इथं फेकला."

मग ती कुणाकडेही न बघता बोलली. "बाबा आम्हाला सांगायचे, खड्ड्याकडं फिरकू नका, तिथं कोल्हीण ओरडते. आम्हालाही ऐकू यायची ती कोल्हीण. मग बंद झाली."

बापाला खरंच कोल्हीण वाटली की काय, हे आता कोण सांगणार!

निळ्या घरात तोवर अंडी घातलेली होती. "हे उतरवून ठेवू का?" मी विचारलं. "नको," व्हर्डी म्हणाली, "त्यांनीच तर सांगितलं." पिल्लं उडाली तरी तिनं त्या घराला हात लावला नाही.

डेल्मर ओहायोहून आला. त्याला पुरतं काही ठाऊक नव्हतं. "बाबांच्या शेजारी जागा आहे," तो म्हणाला. "शेवटी नवरा-बायको ती. तिथंच ठेवू."

"डेल्मर, कोटाच्या गुंड्या लावलेल्या होत्या," व्हर्डी म्हणाली आणि मग सगळं सांगितलं.

तो उठून अंगणात गेला. परत आला तेव्हा त्यानं फावडं घेतलं होतं. वर टेकडीवर, आईच्या माहेरच्यांच्या कबरींशेजारी, त्यानं स्वतः खड्डा खणला. मला हात लावू दिला नाही.

दफन झाल्यावर आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. मक्याचा पाव होता, तपकिरी घेवड्याचं कालवण होतं. डेल्मरला आई आठवत नव्हती. "कशी होती गं?" त्यानं विचारलं. त्या घरात हा प्रश्न कुणी कधी विचारलाच नव्हता.

व्हर्डी सांगू लागली. मोठ्यानं हसायची. ताकात पाव कुस्करून खायची. कोंबड्यांशी भांडायची, "चल गं भवाने," म्हणायची. सांगता सांगता व्हर्डीही हसली.

"आणि अंधाराची तिला फार भीती..." ती म्हणाली आणि थांबली.

बाहेर लख्ख दुपार होती. डेल्मर उठला, एकेका खोलीत गेला आणि घरातले सगळे दिवे लावून आला.